इंजिनाची टकटक थांबवणारा माणूस, ज्याने जगभरच्या हवेत शिसं मिसळलं!

घाट चढताना गाडी वरच्या गिअरमध्ये असेल आणि तुम्ही एक्सिलरेटर दाबलात, तर कधीकधी बॉनेटखालून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. मेकॅनिक सांगतो, इंजिन नॉक करतंय. हा आवाज का येतो हे शोधून काढणाऱ्यांत एक मोठं नाव आहे थॉमस मिजली. पण या माणसाची गोष्ट इंजिनापुरती थांबत नाही.

आवाजाचा शोध

मिजलीचा जन्म 18 मे 1889 रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. वडील संशोधक होते. 1911 मध्ये त्याने कॉर्नेल विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि 1916 मध्ये तो ओहायोतल्या डेटन शहरात चार्ल्स केटरिंगच्या हाताखाली कामाला लागला. कारचा इलेक्ट्रिक सेल्फ स्टार्टर बनवणारा तो हाच केटरिंग.

त्या काळी इंजिनाच्या टकटकीचं खापर केटरिंगच्या बॅटरी इग्निशनवर फोडलं जात होतं. इंधन ठिणगी पडण्याआधीच पेट घेतं, असा अनेकांचा समज होता. मिजलीने सिलिंडरमधल्या दाबाची नोंद करणारं उपकरण लावून पाहिलं, तर दाब एकदम उसळत होता तो ठिणगी पडल्यानंतर!

म्हणजे नेमकं काय होतं? स्पार्क प्लगपासून ज्योत पसरत जाते. पुढचं न जळलेलं मिश्रण दाबलं जाऊन तापतं आणि ज्योत पोचण्याआधी आपोआप भडकतं. त्या दणक्याचा आवाज म्हणजे नॉकिंग. ते फार काळ चाललं तर पिस्टन खराब होतो. दोष इग्निशनचा नव्हता, इंधनाचा होता.

आयोडीनपासून शिशापर्यंत

इंधनाला लाल रंग दिला तर ते उष्णता जास्त शोषेल, असा मिजली आणि केटरिंगचा अंदाज होता. लाल रंग हाताशी नव्हता, म्हणून मिजलीने आयोडीन टाकलं आणि टकटक थांबली. मग त्याने खरे लाल रंग वापरून पाहिले, तर काहीच फरक पडला नाही. कमाल रंगाची नव्हती, रसायनाची होती. अंदाज चुकला, पण वाट सापडली.

पुढची पाच वर्षं एकामागून एक पदार्थ तपासण्यात गेली. टेल्युरियम चांगलं चालायचं, पण त्याचा वास इतका घाण की अंगाला लागला तर जाता जात नसे. शेवटी आवर्तसारणी समोर ठेवून तो शिशापर्यंत पोचला. 9 डिसेंबर 1921 रोजी टेट्राएथिल लेडची चाचणी झाली. एका गॅलनला चमचाभरही लागत नव्हतं आणि इंजिन शांत!

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. अल्कोहोलनेही नॉकिंग थांबतं, हे मिजलीला माहीत होतं. पण ते पेट्रोलमध्ये बरंच मिसळावं लागतं आणि कोणीही बनवू शकतो. शिशाचं मिश्रण थोडं लागत होतं, स्वस्त पडत होतं आणि त्याचं पेटंट घेता येत होतं. 1923 मध्ये डेटनमध्ये त्याची विक्री सुरू झाली. नाव ठेवलं एथिल. शिशाचा उल्लेख नावात नव्हता.

विष माहीत होतं

शिसं विषारी आहे हे तेव्हाही ठाऊक होतं. 1923 च्या सुरुवातीला खुद्द मिजलीलाच शिशाची बाधा झाली आणि मोकळ्या हवेसाठी तो फ्लोरिडाला गेला. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीच्या एका रिफायनरीत हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले, तीसहून अधिक आजारी पडले. तरीही त्याच महिन्यात मिजलीने पत्रकारांसमोर ते रसायन हातांवर ओतून घेतलं आणि मिनिटभर हुंगून दाखवलं. काही काळ विक्री थांबली, 1926 मध्ये पुन्हा सुरू झाली.

1928 मध्ये त्याने फ्रिजसाठी नवा वायू शोधला. आधीचे वायू विषारी किंवा ज्वलनशील होते. हा तसा नव्हता, हे दाखवायला 1930 मध्ये त्याने तो छातीत भरून घेतला आणि फुंकरीने मेणबत्ती विझवली. हाच फ्रेऑन. तो ओझोनच्या थराला घातक आहे, हे 1974 मध्ये शास्त्रज्ञांनी मांडलं.

शेवट

1940 मध्ये मिजलीला पोलिओ झाला आणि पाय गेले. अंथरुणातून उठण्यासाठी त्याने दोऱ्या आणि कप्प्यांची एक यंत्रणा बनवली. 2 नोव्हेंबर 1944 रोजी तिच्याच दोऱ्यांत गळा आवळून त्याचा मृत्यू झाला. वय होतं 55. त्या वर्षी तो अमेरिकन केमिकल सोसायटीचा अध्यक्ष होता.

शिशाचा धूर मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतो हे पुढे सिद्ध झालं. भारतात 2000 साली शिसंयुक्त पेट्रोल बंद झालं. जगात ते सर्वांत शेवटी विकणारा देश होता अल्जीरिया, तिथे 2021 साली बंद झालं.

आज तुमच्या गाडीत नॉक सेन्सर असतो. टकटक ऐकू येताच तो संगणकाला कळवतो आणि ठिणगी जरा उशिरा पाडली जाते. तरीही आवाज येत राहिला, तर आधी खालचा गिअर टाका, कंपनीने सांगितलेल्या ऑक्टेनचंच पेट्रोल भरा आणि इंजिनात कार्बन साचलाय का ते तपासून घ्या.

आणि आज आपल्या पेट्रोलमध्ये काय मिसळतात? इथेनॉल, म्हणजे अल्कोहोलच. महाराष्ट्रातले साखर कारखाने ते उसापासून बनवतात. त्यामुळे पेट्रोलचा ऑक्टेन वाढतो आणि इंजिन नॉक करत नाही. शंभर वर्षांपूर्वी मिजलीला हा उपाय माहीत होता.