देहाचे देऊळ आखणारे चन्नबसवण्णा

अनमोड घाट उतरून गोव्यात आले की तांबडी सुर्ल्याचे कदंबकालीन महादेव मंदिर लागते. मंडप, अंतराळ आणि गर्भगृह हा त्याचा तलविन्यास शास्त्राला धरून आहे. वास्तुशास्त्र जमिनीवर ६४ किंवा ८१ पदांचा चौरस आखते, त्यात वास्तुपुरुष निजलेला कल्पिते आणि मधली पदे ब्रह्म्याला देते. देऊळ म्हणजे जणू मनुष्यदेहच! परंतु मंडपापर्यंत कोणी यावे, गाभाऱ्यात कोणी जावे आणि उंबऱ्याबाहेर कोणी थांबावे, हे मात्र देवळोदेवळी जन्मावरून ठरत असे.

हा आराखडाच फिरवून मांडणारे पुरुष घाटमाथ्यावर, जोयडा तालुक्यातील उळवीच्या अरण्यात विसावले आहेत. चन्नबसवण्णा हे महात्मा बसवेश्वरांचे भाचे, अक्कनागम्मांचे पुत्र. बाराव्या शतकात कल्याण नगरीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, शरणांच्या सहवासात ते वाढले. बसवेश्वरांनी देहालाच देऊळ मानले. त्या देवळाचा आराखडा भाच्याने सिद्ध केला. भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण आणि ऐक्य अशा सहा स्थलांची त्यांनी शिस्तवार मांडणी केली. महाद्वारापासून गाभाऱ्यापर्यंतची वाट अशी साधकाच्या अंतरात आली. इष्टलिंग गळ्यात असलेल्या चांभाराला वा परटाला आता कोणत्याही उंबऱ्याची परवानगी नको होती.

या विचाराची किंमत मोठी पडली. ब्राह्मण मधुवरस आणि चर्मकार हरळय्या या शरणांच्या मुलांचा विवाह झाला, तेव्हा बिज्जल राजाने दोघांही पित्यांना देहान्त शासन दिले, असे परंपरा सांगते. ११६७ च्या सुमारास खुद्द बिज्जलाचा वध झाला आणि शरणांची पांगापांग झाली. पाठीवर सैन्य असताना एक मेळा घेऊन चन्नबसवण्णा उळवीस पोहोचले. वचनांची ताडपत्रे त्यांनी सोबत आणून राखली, अशी श्रद्धा आहे. तेथेच, ऐन तारुण्यात, ते लिंगैक्य झाले.

पुढे त्यांच्या समाधीवरही दगडी मंदिर उभे राहिले. त्यांनी मनुष्याला ज्या भिंतींतून सोडवले, त्याच पुन्हा उठल्या, असे कोणी म्हणेल. परंतु माघातील जत्रेला बेळगाव-धारवाडकडून बैलगाड्या जंगलवाटेने उळवीस येतात, तेव्हा गाडीतील शेतकऱ्याच्या छातीवर इष्टलिंग असते. गाभारा तो घरूनच घेऊन निघालेला असतो.