शरीराच्या जमाखर्चाचा शोधक : डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव

कबड्डीच्या मैदानावर चढाईला गेलेला गडी पाहावा. एका दमात 'कबड्डी कबड्डी'चा घोष चालू ठेवून तो प्रतिपक्षाच्या अंगणात हिंडत असतो आणि अचानक विजेसारखी झेप घेऊन मध्यरेषा गाठतो. त्या निमिषार्धात लागलेली शक्ती येते कोठून? नवा श्वास तर त्याने घेतलेलाच नसतो. सकाळी खाल्लेल्या भाकरीची शक्ती व्हायची, तर मध्ये कितीतरी पायऱ्या चढाव्या लागतात. तेव्हा ही शक्ती शरीराने अगोदरच हाताशी, सुट्या नाण्यांसारखी तयार ठेवलेली असली पाहिजे. ती नाणी कोणती, हे ज्या मोजक्या माणसांनी जगाला प्रथम दाखवले त्यांपैकी एक जण आपल्या देशातला होता आणि मॅट्रिकला दोनदा नापास झालेला होता. त्यांचे नाव डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव.

आपल्या वार्षिकांकात बहुधा साहित्यिकांची आणि समाजसुधारकांची चरित्रे येतात. मी इतिहासाची विद्यार्थिनी. दहावीनंतर विज्ञानाच्या पुस्तकांशी माझा संबंध सुटला. तरीही यंदा एका जीवरसायनशास्त्रज्ञावर लिहावेसे वाटले, कारण त्यांच्या शोधाने मला जितके चकित केले, तितकेच त्यांच्या आयुष्याने अस्वस्थ केले.

सुब्बारावांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी, आज आंध्र प्रदेशात असलेल्या भीमावरम येथे झाला. वडील जगन्नाथम महसूल खात्यात नोकरीला होते. सात भावंडे, बेताची मिळकत. मुलाचे अभ्यासात लक्ष नव्हते. वाराणसीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकावीत आणि पैसा मिळवावा असा बेत करून हा मुलगा एकदा घरातून पळालाही होता. आईने, वेंकम्मांनी, त्याला परत आणवले. पुढे वडील वारले. वेंकम्मांनी अंगावरचे दागिने मोडले आणि मुलाला मद्रासला शिकायला पाठवले. तेथील हिंदू हायस्कूलमधून तिसऱ्या खेपेस तो एकदाचा मॅट्रिक झाला. या बाईने दागिन्यांचा हिशेब मांडला असता, तर दोनदा नापास झालेल्या मुलावर तिने एक पैसाही लावला नसता. आयांचे हिशेब निराळे असतात, हेच खरे!

मद्रासला प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असताना त्यांच्या मनाने वेगळीच ओढ घेतली. रामकृष्ण मिशनमध्ये जाऊन संन्यास घ्यावा असे त्यांना वाटू लागले. आईने संमती दिली नाही. तेव्हा संन्याशाची सेवावृत्ती वैद्यकात आणावी म्हणून त्यांनी मद्रास मेडिकल कॉलेजात नाव घातले. तो असहकारितेचा काळ होता. गांधीजींच्या हाकेला अनुसरून सुब्बाराव शस्त्रक्रियेच्या वेळीही खादीचा अंगरखा घालून उभे राहू लागले. शल्यशास्त्राच्या इंग्रज प्राध्यापकांना हे रुचले नाही. परिणामी त्यांना एम.बी.बी.एस. ऐवजी कमी दर्जाच्या एल.एम.एस. पदवीवर समाधान मानावे लागले. सरकारी वैद्यकीय नोकरीचा मार्ग खुंटला आणि ते मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचना शिकवू लागले.

याच वर्षांत त्यांचे दोन भाऊ एकापाठोपाठ गेले. त्यांतील एकाला स्प्रू, म्हणजे संग्रहणीच्या जातीचा विकार होता. या रोगावर त्या वेळी खात्रीचा उपाय नव्हता. डॉक्टर असूनही भावासाठी काही करता आले नाही, हे शल्य त्यांच्या मनात राहिले असल्यास नवल नाही. १९१९ साली शेषगिरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. सासऱ्यांनी पैशाची तजवीज केली आणि सुब्बाराव अमेरिकेत बॉस्टनला जाऊन हार्वर्ड विद्यापीठात उष्ण प्रदेशातील रोगांच्या अभ्यासक्रमाला दाखल झाले. गाठीची रक्कम थोडी होती. पोटासाठी त्यांनी तेथील एका रुग्णालयात रात्रपाळीचे हलके काम धरले. रुग्णांची मलमूत्राची भांडी उचलणे, धुणे असे ते काम होते. डॉक्टरकी शिकलेल्या माणसाने ते निमूटपणे केले.

पदविका हाती आल्यावर ते हार्वर्डच्याच जीवरसायन विभागात सायरस फिस्के यांच्या हाताखाली काम करू लागले आणि येथून त्यांच्या आयुष्याचे सोनेरी पर्व सुरू झाले. त्या काळी स्नायूंविषयी शास्त्रज्ञांची समजूत अशी होती की, लॅक्टिक आम्ल तयार होते आणि त्यामुळे स्नायू आकुंचन पावतो. इंग्लंडचे हिल आणि जर्मनीचे मायरहोफ यांना स्नायूंवरील संशोधनासाठी १९२२ चे नोबेल पारितोषिकही मिळाले होते. फिस्के आणि सुब्बाराव यांचे काम याहून फारच साधे दिसणारे होते. रक्तात आणि ऊतींत फॉस्फरस किती, एवढेच त्यांना नेमके मोजायचे होते. मॉलिब्डेट आणि आणखी एक रसायन घातले की द्रावणाला निळा रंग येतो. रंग जितका गडद, तितका फॉस्फरस अधिक. ही पद्धत त्यांनी १९२५ साली प्रसिद्ध केली. पुढे कित्येक दशके जगभरच्या प्रयोगशाळा ती वापरत राहिल्या.

परंतु स्नायूचा अर्क तपासताना एक विचित्र गोष्ट घडू लागली. निळा रंग नेहमीप्रमाणे झटपट न येता हळूहळू चढत जाई. एखाद्याने हा पद्धतीतला दोष मानून तो निबंध बाजूला ठेवला असता. या दोघांनी तसे केले नाही. रंग सावकाश चढतो, याचा अर्थ फॉस्फेट मोकळे नाही. ते कशाला तरी सैलसे बांधलेले आहे आणि तपासणी चालू असतानाच सुटत आहे, असे त्यांनी ओळखले. ज्याला ते बांधलेले होते, तो पदार्थ म्हणजे क्रिएटिन. १९२७ साली त्यांनी फॉस्फोक्रिएटिनचा शोध जाहीर केला. त्याच वर्षी लंडनमध्ये एगल्टन दांपत्यालाही याच पदार्थाचा माग लागला होता. फिस्के आणि सुब्बाराव यांनी हेही दाखवून दिले की, स्नायूला काम करायला लावले की हा पदार्थ कमी होतो आणि स्नायूला विसावा दिला की तो पुन्हा भरून येतो. पुढे १९३० साली डेन्मार्कच्या लुंड्सगार्ड यांनी लॅक्टिक आम्ल मुळीच तयार होऊ न देताही स्नायू आकुंचन पावतो, हे सिद्ध केले. जुनी उपपत्ती कोसळली.

तत्पूर्वी, १९२९ साली, फिस्के आणि सुब्बाराव यांनी स्नायूतून आणखी एक पदार्थ वेगळा केला होता : अ‍ॅडेनोसिन ट्रायफॉस्फेट, म्हणजेच सुप्रसिद्ध 'एटीपी'. जर्मनीत कार्ल लोहमान यांनीही तो त्याच वर्षी स्वतंत्रपणे शोधला. शरीराच्या शक्तीचे चलनी नाणे ते हेच.

विज्ञान शिकणाऱ्या एका मैत्रिणीने मला हा व्यवहार समजावून सांगितला, तेव्हा मला आपल्या जुन्या घरांतील व्यवस्थाच आठवली. एटीपी म्हणजे कनवटीचे पैसे. त्याच्या रेणूत तीन फॉस्फेट एका ओळीत असतात. शेवटचे तुटून सुटे झाले की या घडामोडीत शक्ती मिळते आणि स्नायू आखडतो. पण कनवटीला असे असून असणार किती? जिवाच्या आकांताने धावणाऱ्याला ते दोन-तीन सेकंद पुरते. लगेच फडताळातला डबा उघडावा लागतो, तो फॉस्फोक्रिएटिनचा. आपल्याजवळचे फॉस्फेट देऊन ते खर्ची पडलेले एटीपी जागच्या जागी पुन्हा तयार करते. त्यावर आणखी काही सेकंद निघतात. चढाईतली झेप ही या दोन पुंज्यांवर मारलेली असते. त्यापुढे कणगीतले धान्य : यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत तीन-चारशे ग्रॅम ग्लायकोजेन. आणि दुष्काळासाठी जमिनीखालचे पेव, म्हणजे चरबी. एक ग्रॅम पिष्टातून ४ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम चरबीतून ९. म्हणून दीर्घ मुदतीची ठेव शरीर चरबीतच ठेवते. पेवातले किंवा कणगीतले धान्य मात्र थेट बाजारात चालत नाही. श्वासातल्या प्राणवायूच्या साहाय्याने ते सावकाश 'जाळून' त्याचे एटीपी करावे लागते, तेव्हा ते खर्चता येते. एका वेळी सबंध देहात पाव किलोहून अधिक एटीपी नसते. पण तीच नाणी दिवसभर इतक्या वेळा फिरतात की, एका दिवसातली उलाढाल आपल्या वजनाच्या जवळपास जाते. मी हे वाक्य लिहीत असताना माझ्या बोटांत आणि तुम्ही ते वाचत असताना तुमच्या डोळ्यांत हाच व्यवहार चालू असतो.

एवढा मोठा शोध लावणाऱ्या माणसाला हार्वर्डमध्ये कायमची प्राध्यापकी मिळाली नाही. निबंधांवर फिस्के यांचे नाव आधी असे आणि सुब्बाराव स्वतःचे नाव पुढे करणारे नव्हते. १९४० साली त्यांनी हार्वर्ड सोडले आणि ते पर्ल रिव्हर येथील लेडर्ली प्रयोगशाळेत गेले. लवकरच ते तेथील संशोधनाचे प्रमुख झाले. त्यांच्या देखरेखीखाली १९४५ साली फॉलिक आम्ल प्रयोगशाळेत तयार झाले आणि ज्या स्प्रूने भावाचा घास घेतला होता, त्याच रोगावर ते गुणकारी ठरले. फॉलिक आम्लाचीच विरोधी द्रव्ये त्यांच्या पथकाने बनवली. त्यांपैकी अ‍ॅमिनोप्टेरिन वापरून बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या बालकांना प्रथमच काही काळ का होईना, मृत्यूच्या दारातून मागे खेचले. त्याच कुळातले मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक आणि हत्तीपायरोगावरचे डाय-एथिल-कार्बामॅझिन ही याच प्रयोगशाळेतली. विदर्भातल्या गावांतून हत्तीपायरोगाच्या निर्मूलनासाठी ज्या गोळ्या वाटल्या गेल्या, त्यांत हेच औषध होते. गोळी गिळणाऱ्यांपैकी किती जणांनी सुब्बारावांचे नाव ऐकले असेल?

ऑगस्ट १९४८ मध्ये वयाच्या ५३ व्या वर्षी सुब्बाराव रात्री झोपेतच हृदयविकाराने गेले. अमेरिकेला गेल्यापासून ते एकदाही मायदेशी परतले नव्हते. १९९५ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने टपाल तिकीट काढले.

इतिहासाच्या वर्गात थोरांच्या त्यागाविषयी आपण पुष्कळ ऐकतो. सुब्बारावांचा त्याग मोठा होता, यात शंका नाही. पण या चरित्रात माझे मन पुनःपुन्हा थांबले ते शेषगिरींपाशी. काही वर्षांत परत येतो असे सांगून नवरा गेला आणि तिने पुढची पंचवीसेक वर्षे वाट पाहिली. त्यांचा मुलगाही तान्हेपणीच गेला. खर्च झालेला स्नायू विसाव्याने पुन्हा भरून येतो, हे सुब्बारावांनी दाखवून दिले. शेषगिरींना मात्र त्यांचे काहीच परत मिळाले नाही. दागिने मोडणारी वेंकम्मा, पैसे उभे करणारे सासरे आणि वाट पाहणारी शेषगिरी यांच्या शिलकीवर हे सारे संशोधन उभे राहिले. सुब्बारावांना नोबेल मिळाले नाही याची खंत आपण जरूर करावी. ती करताना या जमाखर्चातली दुसरी बाजूही वाचावी, एवढेच एका इतिहासाच्या विद्यार्थिनीचे म्हणणे आहे.