रामशास्त्री : न्यायाधीशाचाही न्याय होतो!

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात अकबर होता, नेपोलियन होता, पण पेशवाई दीड पानात संपायची. रामशास्त्री हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो आजोबांच्या तोंडून. आम्हा भावंडांची भांडणं लागली आणि मी मध्ये पडून निकाल द्यायला लागले की आजोबा मला हसून रामशास्त्री म्हणायचे. बरीच वर्षं मला वाटत होतं की ही एखादी पोस्ट असणार, तहसीलदार किंवा हेडमास्तर असते तशी. तो एक खराखुरा माणूस होता हे कळायला मला हॉस्टेलवर यावं लागलं.

झालं असं की, गेल्या वर्षी आमच्या विंगमध्ये तिघींची एक कमिटी नेमली गेली. रूममध्ये रॉड लावून पाणी तापवणं, रात्री आरडाओरडा करणं, दुसरीची बादली पळवणं असल्या तक्रारी ऐकायच्या आणि दंड ठरवायचा. त्या तिघींत मी एक. पहिल्याच महिन्यात फर्स्ट इयरच्या एका मुलीकडे रॉड सापडला. आम्ही नियमाप्रमाणे ५०० रुपये दंड केला. पुढच्या आठवड्यात रॉड सापडला तो माझ्याच रूम पार्टनरकडे! तिला मात्र आम्ही समज देऊन सोडलं. कोणी काही बोललं नाही. पण त्यानंतर आमच्याकडे एकही तक्रार आली नाही. मला वाटलं, वा! विंग सुधारली. खरं काय ते दिवाळीच्या सुट्टीत आजोबांच्या कपाटातली पुस्तकं चाळताना लक्षात आलं.

साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा या नद्यांचा संगम आहे. तिथल्या माहुली गावी रामशास्त्र्यांचा जन्म झाला. पूर्ण नाव राम विश्वनाथ प्रभुणे. काळ १७२० च्या दशकाच्या आसपासचा. घरची गरिबी. वयाच्या विशीपर्यंत शिक्षण म्हणावं असं काहीच नाही. म्हणजे ज्या वयात आपण तिसऱ्या वर्षाची सबमिशन्स करतो, त्या वयात हा मुलगा जवळजवळ निरक्षर होता. आख्यायिका अशी आहे की तो साताऱ्याच्या एका सावकाराकडे पडेल ते काम करायचा. एकदा सावकाराच्या पायावर पाणी घालताना त्याची नजर सावकाराच्या मोत्याच्या दागिन्यावर खिळली आणि हात चुकला. सावकाराने टोमणा मारला की असले दागिने अंगावर यायला विद्या तरी लागते नाहीतर पराक्रम तरी. ते त्या मुलाच्या मनाला इतकं लागलं की त्याने चालत काशी गाठली. आख्यायिका बाजूला ठेवली तरी तो मोठ्या वयात काशीला गेला आणि तिथून धर्मशास्त्राचा पंडित होऊन परतला, हे मात्र खरं.

१७५१ साली नानासाहेब पेशव्यांच्या काळात ते पुण्याला सरकारी चाकरीत आले आणि १७५९ मध्ये न्यायाधीश झाले. ही जागा त्यांनी मागितली नव्हती, वशिलाही लावला नव्हता. त्यांची विद्या बघून दरबारानेच त्यांना निवडलं.

आता त्या काळी कोर्ट कसं चालायचं ते थोडं सांगते, कारण ते भन्नाट आहे. वकील नव्हते. गावातलं भांडण आधी गावच्या गोतसभेपुढे किंवा पंचांपुढे जायचं. दोन्ही बाजूंकडून पंचांचा निर्णय मान्य करू असं लिहून घ्यायचे आणि या कागदाला म्हणायचे राजीनामा. हो, आज आपण जो शब्द नोकरी सोडताना वापरतो तोच! जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी. निकालाचा कागद म्हणजे निवाडपत्र. गावात समाधान झालं नाही तर माणूस थेट पुण्याला यायचा. म्हणजे मुळात दोन्ही बाजूंचा विश्वास असला तरच ही सगळी व्यवस्था चालायची. विश्वास नसेल तर राजीनामा लिहून कोण देणार?

पण मग न्यायाधीशावर विश्वास ठेवावा की नाही, हे लोकांनी कसं ठरवायचं? पुण्यात तेव्हा वर्तमानपत्र नव्हतं, निवडणूक नव्हती, चौकशी आयोग नव्हता. लोक साधं काम करायचे. बघायचे! शास्त्रीबुवा कसे राहतात, कोणाकडे जातात, घरात काय येतं, हे सगळं पेठेतल्या लोकांना आणि घाटावरच्या बायकांना दिसत होतंच.

आणि काय दिसत होतं? रामशास्त्र्यांचा नियम होता की त्या दिवसाला पुरेल त्यापेक्षा जास्त शिधा घरात ठेवायचा नाही. राज्याच्या सर्वांत मोठ्या न्यायाधीशाच्या घरात उद्याचे तांदूळ नाहीत! मला आधी हे जरा अतीच वाटलं. मग विचार केला तेव्हा समजलं. ज्याच्या घरात साठाच नाही त्याच्या घरी रात्री कोण काय पोचवून गेलं, असा संशय घ्यायला जागाच उरत नाही.

दुसरी गोष्ट दक्षिणेची. श्रावणात पेशवे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. परीक्षा घ्यायची आणि विद्येप्रमाणे रक्कम द्यायची, साधारण आपल्या स्कॉलरशिपसारखं. या कामात रामशास्त्र्यांचा मोठा वाटा असे. एकदा त्यांचा स्वतःचा भाऊ रांगेत आला. सांगतात की नाना फडणविसांनी शास्त्र्यांचा भाऊ म्हणून वीस रुपये सुचवले. रामशास्त्र्यांनी ते अडवलं. याची विद्या दोन रुपयांची आहे तर दोनच मिळतील, भाऊ म्हणून जे द्यायचं ते मी माझ्या घरून देईन, असं त्यांचं म्हणणं पडलं. ही गोष्ट वाचली आणि मी पुस्तक मिटलं. डोळ्यांपुढे रूम पार्टनर आणि तिचा तो रॉड!

तिसरी परीक्षा वरच्यांची. पानिपतानंतर १७६१ मध्ये थोरले माधवराव पेशवे झाले. वय वर्षं सोळा. हुशार, पण काही काळ जपजाप्य आणि ध्यानधारणेत फार रमू लागले. एक दिवस रामशास्त्री कामासाठी गेले तर पेशवे ध्यानात. शास्त्री परत फिरले आणि दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी काशीला जायची परवानगी मागितली. माधवरावांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी शास्त्री ऐकेनात. राज्य हातात घेतलंय तर रयतेचं काम हीच पूजा, आणि ध्यानच करायचं असेल तर गादी सोडून माझ्याबरोबर काशीला चला, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. विशेष म्हणजे माधवरावांनी ते मानलं. मला वाटतं, इथे शास्त्र्यांइतकेच मार्क पेशव्यांनाही द्यायला हवेत.

पण खरा कस पुढे लागला. माधवराव १७७२ मध्ये थेऊरला वारले. धाकटे भाऊ नारायणराव पेशवे झाले. ३० ऑगस्ट १७७३ ला, गणपतीच्या दिवसांत, भर दुपारी शनिवारवाड्यात गारद्यांनी त्यांचा खून केला. वय अवघं अठरा. जीव वाचवायला ते चुलते रघुनाथराव यांच्याकडे धावले होते. खुनानंतर पेशवेपद मिळालं ते याच रघुनाथरावांना, म्हणजे राघोबादादांना.

आता तपास कोण करणार? आणि कोणाविरुद्ध? सगळं पुणं गप्प होतं. वाड्यात गारदी, गादीवर राघोबा. पण रामशास्त्र्यांनी कोणाच्या सांगण्याची वाट न बघता चौकशी सुरू केली. काही आठवडे साक्षी-पुरावे गोळा केले. धागा राघोबांपर्यंत पोचला. शास्त्री थेट त्यांच्यापुढे गेले. राघोबांनी पुतण्याला फक्त पकडायचा हुकूम दिल्याचं कबूल केलं. धरावेचं मारावे कोणी केलं, हा वाद तेव्हापासून चालू आहे आणि लोकांनी त्यासाठी आनंदीबाईंकडे बोट दाखवलं. राघोबांनी मग प्रायश्चित्त विचारलं. त्यांना वाटलं असेल की दानधर्म, उपास, तीर्थयात्रा असं काहीतरी निघेल. रामशास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. म्हणजे स्वतःचा प्राण देणं, दुसरं काही नाही. राज्याच्या धन्याला, त्याच्याच पदरी असलेला न्यायाधीश, तोंडावर हे सांगतो!

शिक्षा अमलात आणायला शास्त्र्यांकडे ना फौज होती ना तुरुंग. त्यांनी एवढंच जाहीर केलं की राघोबा कारभार करत आहेत तोवर मी पुण्यात पाऊल ठेवणार नाही. आणि ते खरोखर वाईजवळच्या एका गावी जाऊन राहिले.

मग या निकालाचा उपयोग काय झाला, असं कोणी म्हणेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण पुढचं बघा. ज्याच्या शब्दावर लोकांचा विश्वास होता त्या एका माणसाने राघोबांना दोषी ठरवलं होतं. सखारामबापू, नाना फडणवीस वगैरे कारभारी एकत्र आले आणि बारभाईंचं कारस्थान उभं राहिलं. एप्रिल १७७४ मध्ये नारायणरावांच्या पत्नीला पुरंदरावर मुलगा झाला आणि तोच सवाई माधवराव म्हणून पेशवा झाला. राघोबा इंग्रजांच्या आश्रयाला गेले, युद्ध झालं, पण गादी काही मिळाली नाही. १७८३ मध्ये कोपरगावला ते वारले. रामशास्त्री मात्र बारभाईंच्या कारभारात सन्मानाने परत आले आणि पुढेही न्यायदान करत राहिले. १७८९ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १७९१ मध्ये, पुण्याचा कोतवाल घाशीराम याने काही तेलंगी ब्राह्मणांना कोंडून ठेवलं आणि त्यातले बरेच जण गुदमरून मेले. लोक इतके खवळले की शेवटी घाशीरामाला जमावाच्या हवाली करावं लागलं आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं. तोही निवाडाच होता, पण किती भयंकर! अधिकाऱ्यांच्या न्यायावर भरवसा उरला नाही की लोक दगड उचलतात.

इथे एक गोष्ट लिहिली नाही तर मीच पक्षपाती ठरेन. पेशवाईतला न्याय सगळ्यांना सारखा नव्हता. एकाच गुन्ह्याला जातीप्रमाणे वेगळी शिक्षा असे. ब्राह्मणाला सहसा देहदंड नसे आणि अस्पृश्य मानलेल्यांच्या वाट्याला तर साधे हक्कही नव्हते. रामशास्त्री त्याच धर्मशास्त्राने निवाडे देत होते. ती चौकट त्यांनी मोडली नाही. त्यांचं मोठेपण सांगताना हे झाकणं म्हणजे त्यांच्याच बाण्याच्या विरुद्ध वागणं होईल. पण त्या चौकटीतही स्वतःचा भाऊ आणि स्वतःचा धनी यांना त्यांनी सूट दिली नाही, हेही तितकंच खरं.

मला सगळ्यात नवल वाटतं ते लोकांच्या स्मरणशक्तीचं. ग्रँट डफ नावाचा ब्रिटिश अधिकारी साताऱ्याला होता. त्याने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला आणि त्यात रामशास्त्र्यांचं तोंड भरून कौतुक केलं. ज्यांचं राज्य घेतलं त्यांच्याच न्यायाधीशाचं! १९४४ मध्ये प्रभातने रामशास्त्री हा सिनेमा काढला. शास्त्र्यांची भूमिका गजानन जागीरदारांनी केली होती आणि दिग्दर्शनातही ते होते. १९९७ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्तींच्या वर्तनाची तत्त्वं लिहून काढली. भेटवस्तू घेऊ नयेत, नातलग-मित्रांची प्रकरणं चालवू नयेत, लोकांची नजर आपल्यावर आहे याचं भान ठेवावं, असं त्यात आहे. माहुलीच्या शास्त्रीबुवांना हे कोणी लिहून दिलं नव्हतं. आणि लोकांनी त्यांना दिलेला निकाल तर बघा. माणसाचं नावच भाषेत शब्द होऊन बसलं. अजूनही नि:पक्षपाती माणूस दिसला की आपण रामशास्त्री बाणा म्हणतो.

सुट्टीनंतर मी हॉस्टेलवर परत आले. आमच्या विंगमधल्या तक्रारी संपल्या नव्हत्या, त्या फक्त आमच्याकडे यायच्या बंद झाल्या होत्या. पोरींनी आमचं निवाडपत्र कधीच लिहून टाकलं होतं! मी रेक्टर मॅडमना जाऊन सगळं सांगितलं आणि रूम पार्टनरलाही ५०० रुपये दंड लावला. ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. एकाच रूममध्ये आठ दिवस म्हणजे काय ते हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको. त्या फर्स्ट इयरच्या मुलीलाही भेटून चूक कबूल केली. ती नुसती बरं म्हणाली. त्यात राग होता की नाही, मला अजून कळलेलं नाही.

पंधरा दिवसांनी दुसरीच एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. तिची बादली हरवली होती. खरं सांगते, बादली हरवल्याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता!