मुलांच्या बागेचा माळी : फ्रोबेल

फ्रेडरिक फ्रोबेल यांचा जन्म १७८२ साली जर्मनीतील ओबरवाइसबाख या खेड्यात झाला. ते वर्षाचेही झाले नव्हते, तोच मातृछत्र हरपले. एकाकी बालपणात वृक्षवेली हेच त्यांचे सोबती होते. पुढे ते शिक्षक झाले आणि स्वित्झर्लंडमध्ये पेस्टालॉत्सी यांच्या सहवासात त्यांनी अध्यापनाचे मर्म जाणून घेतले.

मूल खेळता खेळता शिकते, अशी त्यांची दृढ श्रद्धा होती. ब्लांकेनबुर्ग येथे १८३७ साली आरंभलेल्या आपल्या कार्याला त्यांनी १८४० मध्ये ‘किंडरगार्टन’, म्हणजे ‘मुलांची बाग’, हे नाव दिले. तेथील साधने अगदी साधी होती. भिजवलेल्या वाटाण्यांत काड्या खोचून मुले घरे उभारीत. कागदाच्या पट्ट्या एकमेकींत गुंफून चटया विणीत. चौकोनी कागद कर्णावर दुमडला की त्रिकोण तयार होई आणि भूमिती नकळत बोटांत उतरे.

परंतु १८५१ मध्ये प्रशियाच्या शासनाने नास्तिकतेचा संशय घेऊन या बालशाळांवर बंदी घातली. हा आघात सोसूनच १८५२ मध्ये फ्रोबेल निवर्तले. १८६० साली बंदी उठली, तेव्हा ते हयात नव्हते.

तथापि त्यांचा विचार देशोदेशी पोहोचला. याच कागदकामापासून प्रेरणा घेऊन टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्ये मद्रास येथे घड्यांतून भूमिती शिकविणारा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. शासनाच्या आज्ञेने शाळा बंद पडल्या. मुलांच्या हातातला कागद मात्र कोणालाही हिरावून घेता आला नाही.