जॉन स्कॉट हाल्डेन
जॉन स्कॉट हाल्डेन (मे १८६० – मार्च १९३६) हे स्कॉटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. श्वसनाचे नियंत्रण, खाणीतील विषारी वायू, पाणबुड्यांची सुरक्षितता आणि प्राणवायू-उपचार या क्षेत्रांतील त्यांचे संशोधन मूलभूत मानले जाते. फुप्फुसाच्या रुग्णांना आज घरोघरी मोजून दिल्या जाणाऱ्या प्राणवायूचा शास्त्रीय पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते.

प्रारंभिक जीवन
हाल्डेन यांचा जन्म एडिंबरा येथे झाला. १८८४ मध्ये त्यांनी एडिंबरा विद्यापीठातून वैद्यकशास्त्राची पदवी घेतली. त्यानंतर डंडी येथे काम करीत असताना त्यांनी गरीब वस्त्यांमधील कोंदट घरांच्या हवेचे पृथक्करण केले. १८८७ मध्ये ते ऑक्सफर्डला गेले. तेथे त्यांचे मामा जॉन बर्डन सँडरसन हे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. १८९१ मध्ये त्यांचा विवाह लुईसा कॅथलीन ट्रॉटर यांच्याशी झाला. पुढे भारतात स्थायिक होऊन भारतीय नागरिकत्व स्वीकारणारे जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन हे त्यांचे पुत्र, तर लेखिका नेओमी मिचिसन या कन्या होत.

खाणींतील संशोधन
१८९६ मध्ये वेल्समधील टायलर्सटाउन येथे कोळसाखाणीत स्फोट झाला. हाल्डेन यांनी मृतदेहांची तपासणी करून दाखवून दिले, की बहुसंख्य कामगार स्फोटाच्या आघाताने नव्हे, तर नंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने दगावले होते. या वायूचा परिणाम त्यांनी स्वतः तो हुंगून अभ्यासला होता. लहान प्राण्यांवर विषबाधेचा परिणाम माणसाआधी दिसतो, म्हणून खाणीत उंदीर किंवा कॅनरी पक्षी न्यावेत, अशी शिफारस त्यांनी केली. ब्रिटनच्या खाणींत ही प्रथा १९८६ पर्यंत टिकली.

कॉर्नवॉलमधील कथील खाणकामगारांच्या फुप्फुसरोगाचे कारण यांत्रिक छिद्रणातून उडणारी दगडाची धूळ आहे, हेही त्यांच्या सहभागाने झालेल्या चौकशीतून स्पष्ट झाले. हा विकार आज सिलिकोसिस म्हणून ओळखला जातो. कोळशाची धूळ मात्र तुलनेने निरुपद्रवी आहे, असे त्यांचे मत होते. नंतरच्या संशोधनाने ते चुकीचे ठरविले. वायुवीजन आणि धूळनियंत्रण हे प्रश्न खाणव्यवसायात आजही महत्त्वाचे आहेत. भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यातील चिखला येथे मँगेनीजची भूमिगत खाण आहे. अशा प्रदेशातील वाचकांना हा विषय परका नाही.

श्वसनाचे शास्त्र
१९०५ मध्ये जॉन गिलीज प्रिस्टली यांच्यासह हाल्डेन यांनी सिद्ध केले, की सामान्य स्थितीत श्वासाची गती मुख्यतः फुप्फुसातील कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणावर ठरते. १९०८ मध्ये पाणबुड्यांनी टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध झाली. त्यांसाठीचे प्रयोग शेळ्यांवर करण्यात आले होते. १९११ मध्ये त्यांनी अमेरिकेतील पाइक्स पीक या शिखरावर विरळ हवेचा अभ्यास केला. १९१४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह दाखविले, की रक्तातील प्राणवायू वाढला की त्याची कार्बन डायऑक्साइड वाहून नेण्याची क्षमता घटते. हा 'हाल्डेन परिणाम' होय. फुप्फुसे प्राणवायू सक्रियपणे रक्तात सोडतात, हे त्यांचे मत मात्र विज्ञानाने स्वीकारले नाही.

प्राणवायू-उपचार
एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या लढाईत क्लोरीन वायू वापरला गेला. त्याच्या तपासासाठी हाल्डेन यांना फ्रान्समध्ये पाठविण्यात आले. वायुबाधित सैनिकांची फुप्फुसे द्रवाने भरून जात व रक्तातील प्राणवायू घटत असे. त्या काळी सिलिंडरमधील प्राणवायू तोंडाजवळ धरलेल्या नरसाळ्यातून सोडला जाई. त्यातील बराचसा हवेत विरून जाई आणि रुग्णाला किती मिळाला, हे कळत नसे. हाल्डेन यांनी दाब कमी करणारी झडप, प्रवाह नियंत्रित करण्याची सोय, साठा-पिशवी आणि मास्क यांची जोडणी केलेले उपकरण तयार केले. १९१७ मध्ये त्यांनी याविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. प्राणवायू अधूनमधून न देता सातत्याने व मोजून द्यावा, हे त्यातील मुख्य तत्त्व होते.

उत्तरायुष्य
१९१२ पासून ते खाण-संशोधन प्रयोगशाळेचे संचालक होते. ही प्रयोगशाळा आधी डॉनकास्टरला व १९२१ नंतर बर्मिंगहॅमला होती. श्वसनावरील त्यांचा ग्रंथ १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. १९३४ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक मिळाले. इराण-इराकमधील तेलशुद्धीकरण कामगारांच्या उष्माघाताचा अभ्यास करून परतल्यानंतर १९३६ मध्ये ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले.

वारसा
१९८० व १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी व ब्रिटिश चाचण्यांनी सिद्ध केले, की रक्तातील प्राणवायू फार घटलेल्या सीओपीडी रुग्णांना दिवसातून किमान १५ तास प्राणवायू दिल्यास त्यांचे आयुष्य वाढते. त्यामुळे घरगुती उपकरणांची निवड महत्त्वाची ठरली. कॉन्सन्ट्रेटर हे यंत्र झिओलाइटच्या साहाय्याने हवेतील नायट्रोजन शोषून प्राणवायू वेगळा करते. ते पुन्हा भरावे लागत नाही, परंतु त्याला अखंड वीज लागते. म्हणून वीज वारंवार खंडित होणाऱ्या भागात जोडीला सिलिंडर ठेवणे आवश्यक असते. १,५०० लिटरचा सिलिंडर मिनिटाला २ लिटर प्रवाहाने सुमारे साडेबारा तास पुरतो. बाहेर जाण्यासाठी लहान सिलिंडर किंवा बॅटरीवर चालणारी यंत्रे वापरतात.

हाल्डेन परिणामाचे व्यावहारिक महत्त्वही येथेच दिसते. सीओपीडीच्या काही रुग्णांत गरजेपेक्षा जास्त प्राणवायू दिल्यास रक्तातील कार्बन डायऑक्साइड धोकादायकरीत्या वाढतो. अशा रुग्णांत प्राणवायूची संपृक्तता साधारणतः ८८ ते ९२ टक्के राखली जाते. त्यामुळे उपकरण कोणतेही असले, तरी प्रवाह व तास वैद्यकीय तपासणीनंतरच ठरविले जातात आणि प्राणवायूजवळ विडी, चूल किंवा दिवा वर्ज्य मानला जातो.