सावित्रीबाई फुले : रुग्णाला पाठीवर वाहून नेणारी माउली

पुण्याहून कात्रजचा घाट ओलांडून साताऱ्याकडे निघाले की भोर तालुक्यातील शिवरे हे गाव लागते. याच महामार्गाने पुढे जाऊन नीरा नदी ओलांडली की शिरवळजवळ नायगाव आहे. ३ जानेवारी १८३१ रोजी खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी सावित्रीबाईंचा जन्म येथेच झाला. आद्य शिक्षिका म्हणून आपण सर्वजण त्यांना ओळखतो. परंतु आपत्तीच्या काळात रुग्णांना उपचारापर्यंत पोहोचवण्याचे जे कार्य त्यांनी केले, त्याचेही स्मरण आपण करावयास हवे.

१८४० मध्ये जोतीरावांशी त्यांचा विवाह झाला. अहमदनगर येथे मिस फरार आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे अध्यापनाचे शिक्षण घेऊन १८४८ पासून त्यांनी भिडे वाड्यातील शाळेत मुलींना शिकवले. १८६३ मध्ये या दांपत्याने फसवल्या गेलेल्या विधवांसाठी आपल्या घरी प्रसूतिगृह उघडले. तेथेच जन्मलेल्या यशवंताला त्यांनी पुढे दत्तक घेतले आणि डॉक्टर केले.

१८७६-७७ च्या भीषण दुष्काळात सत्यशोधक समाजाने अन्नछत्रे चालवली. धनकवडी येथे उपाशी मुलांची सोय करण्यात आली. सावित्रीबाई स्वतः जुन्नर भागात फिरल्या. संकट कोसळल्यावर जागा, अन्न आणि सेवेची माणसे यांची जुळवाजुळव कशी करावी, हे त्या या अनुभवातून शिकल्या होत्या. १८९० मध्ये जोतीरावांचे निधन झाल्यावरही त्यांनी समाजाचे काम पुढे चालू ठेवले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान केले. १८९७ च्या आरंभी ही साथ पुण्यात फैलावली. घरोघरी भीतीचे सावट पसरले. रुग्णाला हात लावण्यास कोणी धजावेना. औषधोपचार मिळाला तरी रुग्णाला तेथवर नेणार कोण, हाच मोठा प्रश्न होता.

सावित्रीबाईंनी लष्करात डॉक्टर असलेल्या यशवंतरावांना बोलावून घेतले. हडपसरजवळ ससाणे मळ्यात गावापासून दूर, मोकळ्या हवेत त्यांनी दवाखाना उभारला. निरोग्यांपासून अंतर राहावे आणि रुग्णांना प्रशस्त जागा मिळावी, असा त्यामागे विचार होता. मात्र केवळ दवाखाना उघडून त्या थांबल्या नाहीत. रोगी जेथे असतील तेथून त्यांना आणण्याची जबाबदारीही त्यांनी स्वीकारली. मुंढव्याच्या महारवस्तीतील गायकवाड कुटुंबातील मुलाला प्लेग झाल्याचे कळताच साठी उलटलेल्या सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतले आणि ससाणे मळ्यापर्यंत वाहून आणले. ज्या काळी त्या वस्तीतील माणसाची सावलीही टाळली जात असे, त्या काळातील ही घटना आहे.

या सेवेतच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर काही दिवसांतच शासनाने पुण्यात सैनिकांकरवी घरझडती सुरू केली. रोग्यांना बळाने हलवण्यात येऊ लागल्याने लोक आजारी माणसे दडवू लागले. व्यवस्था होती; विश्वास मात्र नव्हता. सावित्रीबाईंच्या मार्गाचे मोल येथे कळते. पुढे १९०५ मध्ये यशवंतरावही प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच मृत्यू पावले.

आज महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका येते. ही सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. तरीही अपघात, दरड वा महापूर यांच्या वेळी पहिला हात शेजाऱ्याचाच लागतो. डोंगरातल्या वस्तीवरून रुग्णाला रस्त्यापर्यंत कसे आणावे, डोली कोण उचलणार, प्रथमोपचार कोणाला येतात, वाहन कोणाचे आणि जवळचे रुग्णालय कोणते, हे संकट येण्याआधीच गावाने ठरवून ठेवावे. आपणही आपापल्या गावात असा विचार केला, तर नायगावच्या या लेकीला तीच खरी आदरांजली ठरेल, असे आम्हांस वाटते.