कीटकांचे घर पाहणारा शिक्षक

पावसाळा सुरू झाला की माळावर एक काळा कीटक दिसतो. गुरांच्या शेणाचा गोळा करून तो मागच्या पायांनी ढकलत नेतो. त्याला शेणकिडा म्हणतात. आपण घटकाभर त्याची गंमत पाहतो आणि पुढे जातो. फ्रान्स देशातील एका शिक्षकाने मात्र अशा कीटकांच्या अभ्यासात सारे आयुष्य घालवले. कीटक आपल्या पिलांसाठी काय करतात, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. त्यांचे नाव झां आंरी फाब्र.

फाब्र यांचा जन्म डिसेंबर १८२३ मध्ये दक्षिण फ्रान्समधील एका खेड्यात झाला. घरची फार गरिबी होती. धाकट्या भावाचा जन्म झाल्यावर आईवडिलांनी लहान आंरीला आजी-आजोबांच्या शेतावर ठेवले. पुढे वडिलांचा धंदा बुडाला आणि घरातील माणसे पांगली. पोट भरण्यासाठी आंरीने जत्रेत लिंबे विकली, रेल्वेच्या कामावर मजुरी केली. अशा हालअपेष्टांतही त्याने अभ्यास सोडला नाही. शिष्यवृत्ती मिळवून तो अध्यापक विद्यालयात शिकला आणि १८४२ साली शिक्षक झाला.

फाब्र एकदा विद्यार्थ्यांना जमिनीची मोजणी शिकवायला मैदानात घेऊन गेले. मुले मध्येच खाली वाकत आणि काडीने काहीतरी चाखत. दगडांवर मधमाशीच्या एका जातीने मातीची घरटी बांधली होती. त्यांतला मध मुले खात होती! गुरुजी रागावले नाहीत. तेही त्या घरट्यांकडे पाहत राहिले. या माशीची माहिती असलेले पुस्तक महाग होते. फाब्र यांनी एका महिन्याचा पगार देऊन ते विकत घेतले.

पुढे त्यांनी शिकारी गांधीलमाश्यांचा अभ्यास केला. ही माशी जमिनीत बीळ करते, त्यात भुंगेरे आणून ठेवते आणि अंडे घालते. हे भुंगेरे अनेक दिवस सडत नाहीत. माशीच्या विषामुळे मेलेले शरीर टिकत असावे, असे तेव्हा जाणकारांना वाटत होते. शिकार मेलेली नसून फक्त लुळी पडलेली असते, हे फाब्र यांनी १८५५ साली दाखवून दिले. त्यामुळे अंड्यातून बाहेर आलेल्या अळीला ताजे अन्न मिळते. आपल्या घराच्या भिंतीवर मातीचे घरटे करणारी कुंभारीणमाशीही असाच साठा करते. तिची आणि पिलांची भेट बहुधा होतच नाही, तरी त्यांच्या जेवणाची सोय ती आधीच करून ठेवते.

फाब्र यांचे स्वतःचे दिवस मात्र कठीण होते. आविन्यों शहरात ते रात्रीचे मोफत वर्ग घेत. तिथे मुलीही येत. फुलांपासून बी कसे तयार होते, हे त्यांनी मुलींना शिकवले, म्हणून काही लोक संतापले. फाब्र यांना घर सोडावे लागले आणि नोकरीही गेली. तेव्हा जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताने त्यांना पैसे उसने दिले. फाब्र यांनी शालेय पुस्तके लिहून संसार चालवला आणि ते कर्ज फेडले. १८७७ साली त्यांचा मुलगा झ्यूल वारला. तो अवघा सोळा वर्षांचा होता आणि कीटक शोधायला नेहमी वडिलांबरोबर असे. दुःखी पित्याने काही गांधीलमाश्यांना मुलाचे नाव दिले.

१८७९ साली फाब्र यांनी सेरिन्यां गावात दगडधोंड्यांची एक पडीक जमीन घेतली. पीक येणार नाही अशी ती जागा, पण कीटकांनी भरलेली होती. येथे त्यांनी शेणकिड्यांचे कोडे सोडवले. किडा ढकलत नेतो त्या गोळ्यात अंडे असते, असा लोकांचा समज होता. फाब्र यांनी कितीतरी गोळे फोडले. अंडे मिळाले नाही. तो गोळा किड्याचे स्वतःचे जेवण होता. मग अंडे कुठे? अनेक वर्षांनी एका तरुण मेंढपाळाने जमिनीतून काढलेली एक वस्तू त्यांना आणून दिली. ती शेणाचीच होती, पण आकार नाशपातीसारखा. तिच्या निमुळत्या टोकात अंडे होते. तिथे हवा पोहोचते आणि खालच्या जाड भागात पिलाचे अन्न ओलसर राहते. तोपर्यंत फाब्र म्हातारे झाले होते.

शेणकिड्यांच्या दुसऱ्या एका जातीची मादी तर अंडी घालून निघून जात नाही. ती जेमतेम तीन-चार अंडी घालते आणि महिनोन् महिने बिळातच राहते. गोळ्याला तडा गेला तर ती बुजवते, बुरशी वाढू देत नाही. फाब्र यांनी आई नसलेले गोळे ठेवून पाहिले, तेव्हा त्यांवर बुरशी चढली. आणखी एका जातीत आई खोल बीळ खणते आणि बाप शेण आणून देतो.

बहुतेक कीटक पुष्कळ अंडी घालतात आणि निघून जातात. मग काहीच कीटक इतकी मेहनत का घेतात? शेण लवकर वाळते, त्यासाठी भांडणारे पुष्कळ असतात आणि अंड्यांना शत्रूही अनेक. ज्या आईबापांनी अन्न जमिनीत पुरले, पिलांना जपले, त्यांची पिले जास्त वाचली. त्या पिलांमध्येही तीच सवय उतरली. असे असंख्य पिढ्या घडत गेले. शास्त्रज्ञ याला उत्क्रांती म्हणतात. डार्विन यांनी फाब्र यांच्या निरीक्षणाची वाखाणणी केली होती. फाब्र यांना मात्र डार्विन यांचा उत्क्रांतीचा विचार शेवटपर्यंत पटला नाही. तरीही दोघांनी एकमेकांचा आदर केला. फाब्र यांनी पाहून ठेवलेल्या गोष्टी पुढच्या शास्त्रज्ञांना उत्क्रांती समजून घेताना उपयोगी पडल्या.

फाब्र यांनी आपली निरीक्षणे दहा खंडांत लिहिली. ऑक्टोबर १९१५ मध्ये वयाच्या ९१ व्या वर्षी ते वारले. त्यांच्याजवळ मोठी प्रयोगशाळा नव्हती. उघडे डोळे आणि न संपणारा धीर एवढेच त्यांचे भांडवल होते. पुढच्या पावसाळ्यात माळावर शेणकिडा दिसला, तर त्याला पायाने उडवू नका. जरा थांबा, खाली बसा आणि तो कुठे जातो ते पाहा.